‘रेनफेड’ आणि कर्जफेड



सरकारी कागदावर आपल्या रानाला ‘रेनफेड’ म्हणतात. रेन म्हणजे पाऊस, फेड म्हणजे पोसलेले. जोडून अर्थ झाला, पावसाने पोसलेली शेती. आपण तिलाच कोरडवाहू म्हणतो. आपल्या शब्दात कोरड आहे, साहेबाच्या शब्दात पोट भरलेले आहे.

शेतीशास्त्राच्या पुस्तकांत या शब्दाला माप आहे. वर्षाला ११५० मिलिमीटरच्या वर पाऊस असेल तर ‘रेनफेड’, ७५० ते ११५० ‘ड्रायलँड’, त्याच्या आत ‘ड्राय फार्मिंग’. या मापाने पश्चिम विदर्भातला बहुतेक कापूस आणि सोलापूरकडची ज्वारी ‘रेनफेड’ ठरतच नाही. कचेरीत मात्र पाण्याची सोय नाही ते सारे ‘रेनफेड’.

शब्दाचा कीस कशासाठी? कारण या शब्दावर पैसा ठरतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती निकषांत ३३ टक्के वा अधिक पीकनुकसानीला मदत होती ती अशी : खात्रीच्या बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये, ‘रेनफेड’ला ८,५००. म्हणजे एकरी साडेतीन हजारांच्या आत, आणि तेही दोन हेक्टरपर्यंतच.

कोणी म्हणेल, बागायतीचे उत्पन्न जास्त, म्हणून मदत जास्त. पण या मदतीचे नावच निविष्ठा अनुदान आहे. ती उत्पन्नाची भरपाई नव्हे, मातीत गेलेल्या खर्चाला हातभार आहे. मग खर्च पाहा. बियाण्याची पिशवी कोरडवाहूला अर्ध्या किमतीत मिळते काय? खताचे पोते? निंदणीची मजुरी? उलट पाऊस दडी मारतो तेव्हा दुबार पेरणी कोरडवाल्याच्याच नशिबी येते.

आणि पाऊस पोसतो हे तरी पुरते खरे कुठे आहे? रब्बी ज्वारी वाढते ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ती ओल बांधबंदिस्ती करून, पाळ्यावर पाळ्या घालून राखतो शेतकरी. पाऊस पडून जातो, पोसतो शेतकरी.

म्हणून आमचे म्हणणे आहे की तालुक्या-तालुक्याच्या बैठकीत ठराव व्हावा : मदत शेताच्या नावावर नको, प्रत्यक्ष खर्चावर हवी, आणि पंचनाम्यात दुबार पेरणीचा खर्च वेगळा लिहिला जावा. बियाण्या-खताच्या पावत्या जपून ठेवा, त्यांच्याशिवाय हा हिशेब मांडता येणार नाही.

मराठीत ‘फेड’ म्हणजे परतफेड. पोसल्याचे श्रेय पावसाला आणि कर्जाची फेड शेतकऱ्याला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.