अपील कोणाचे, आणि वरचे कोर्ट पाहते काय?



लैंगिक गुन्ह्यांच्या निकालांची बातमी आली की आपण सहज म्हणतो, "वरच्या कोर्टात न्याय होईल." पण तसे नेहमी होते का? नागपूर खंडपीठाचे दोन निकाल पाहू.

१९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हाच तो मथुरा खटला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यामागचे कारण. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरवले, कारण अंगावर जखमा नाहीत! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. निकाल मात्र तसाच राहिला.

२०२१ मध्ये उलटे घडले. १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने पोक्सोखाली ३ वर्षे दिली होती. त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही म्हणून नागपूर खंडपीठाने ते कलम काढले आणि विनयभंगाची १ वर्षाची शिक्षा ठेवली. ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी हा निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. आठवड्याभरात स्थगिती आली आणि १८ नोव्हेंबरला निकाल रद्द झाला. महत्त्वाचा हेतू, कातडी नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.

आता आपल्या ब्रेडाकडे. इथल्या फौजदारी निकालावरचे अपील डेन बॉसला जाते. मुदत साधारण १४ दिवसांची. तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो, आणि गंभीर गुन्ह्यात पीडितेला बोलण्याचा हक्कही असतो. त्यानंतर हेगचे होखे राद, पण ते फक्त कायदा बरोबर लावला का एवढेच पाहते.

आपल्या लोकांना खटकेल असा एक फरक आहे. भारतात २००९ च्या अखेरीपासून आरोपी सुटला तर पीडिता स्वतः अपील करू शकते. इथे शिक्षेबाबत तो हक्क आरोपीचा आणि सरकारी वकिलाचा. पीडितेला फक्त आपल्या नुकसानभरपाईपुरते अपील करता येते. त्यामुळे आरोपी सुटला तर त्याच १४ दिवसांत सरकारी वकिलाला अपीलाची विनंती करावी. घरी चर्चा करत बसायला वेळ नसतो. मला स्वतःला या बाबतीत भारताचा नियम जास्त न्याय्य वाटतो.

दुसरा फरक पुराव्याचा. भारतात पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. इथे एकाच साक्षीवर ती देता येत नाही, दुसऱ्या ठिकाणाहून काहीतरी दुजोरा लागतो. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार? त्यामुळे मैत्रिणीला त्याच रात्री पाठवलेला मेसेज किंवा डॉक्टरांची नोंद अपीलातही मोलाची ठरते. १ जुलै २०२४ पासून नव्या डच कायद्यात जबरदस्ती सिद्ध करायची गरज उरली नाही, समोरच्याची इच्छा नाही हे कळत असूनही पुढे जाणे पुरेसे आहे. पुराव्याची अट मात्र कायम आहे.

सेंट्रुम सेक्सुएल खेवेल्ट ही मदत केंद्रे दिवसरात्र फोन घेतात. शारीरिक पुरावा मिळण्यासाठी पहिले ७ दिवस महत्त्वाचे. पोलिसांत तक्रार करायची की नाही, हे ठरलेले नसले तरी तिथे जाता येते.