गाण्याचे वीस मार्क

आमच्या नातीने केंब्रिज बोर्डाच्या ए लेव्हलला मीडिया स्टडीज हा विषय घेतला आहे. त्यात लेखी पेपरांबरोबर एक मोठा प्रकल्प असतो आणि त्यासाठी दिलेल्या पर्यायांपैकी एक आहे म्युझिक व्हिडिओ. गाणं ठरवायचं, चित्रीकरण करायचं, संकलन करायचं आणि कोणत्या टप्प्यावर काय ठरवलं, का ठरवलं याच्या नोंदी ब्लॉगवर ठेवायच्या. (बघा मंडळी, आपण हौसेने करतो त्याला तिकडे मार्क मिळतात!)

आमच्या जावईबापूंना हे काही पटलेलं नाही. "आई, एवढी फी भरून पोरीने गाण्याचं शूटिंग करायचं? याला अभ्यास म्हणतात?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, हजारो निबंध तपासले. त्या जोरावर मी म्हणते, होय, यालाच अभ्यास म्हणतात. माझी तक्रार वेगळीच आहे आणि त्यासाठीच आज लिहायला बसले.

आधी ती काय करत होती ते सांगते. गाणं तीन मिनिटांचं, तिच्या मैत्रिणीने म्हटलेलं. चित्रीकरण वेताळ टेकडीवर, सकाळी साडेसहाला, कारण नंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात. ध्वनिमुद्रण आधीच झालेलं असतं. ते छोट्या स्पीकरवर मोठ्याने लावायचं आणि गाणारीने त्याबरोबर ओठ हलवायचे, नुसते हलवायचे नाहीत, खरंच गायचं. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणत नाहीत आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. अख्खं गाणं एकदा लांबून, एकदा कमरेपासून, एकदा नुसता चेहरा, असं पुन्हा पुन्हा. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी घरी येताना दोन तासांचं चित्रीकरण! आता त्यातलं काय टाकायचं? मी वर्गात कायम सांगायचे की निबंध लिहिण्यापेक्षा खोडणं अवघड. नातीने एक सूर्योदयाचा तुकडा, फार सुंदर हो, दोन दिवस धरून ठेवला आणि शेवटी काढून टाकला. गाण्यात त्याचं काही काम नव्हतं. चौदाशे शब्दांचा निबंध लिहिणाऱ्या किती मुलांना हे जमतं?

पण कापलेलं काही केल्या नीट दिसेना. आणि इथे आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंचा मुलगा आला. मराठी शाळेत दहावीला आहे. गणपतीत ढोलताशा पथकाचे व्हिडिओ करतो, मोबाइलवरच. आईला न्यायला आला होता. मागे उभं राहून त्याने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तू बरोबर ठोक्यावर कापतेयस. ठोक्याच्या जरा आधी काप. एक-दोन फ्रेम."

नातीने तसं करून पाहिलं आणि गाणं चालायला लागलं. मला तर गंमतच वाटली. गवई समेवर येण्याआधीच श्रोत्याची मान हलायला लागलेली असते, तसंच हे. डोळ्याला नवं चित्र ओळखायला क्षणभर लागतो, म्हणून ते आधी द्यायचं. त्याने आणखी एक सांगितलं. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घेतो असं म्हणतो खरा, पण उजेड बदलला की तो आकडा हलतो. म्हणून गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाकडे मागेपुढे होतात. एकच वेग ठरवून फाइल बदलून घ्यायची, मग जुळवायचं. हात त्याने कशालाच लावला नाही. तिकडचा नियमच आहे की काम विद्यार्थ्याचं स्वतःचं हवं.

हे सगळं कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाला, "करून करून." आणि शाळेत? शाळेत मोबाइल आणला म्हणून जप्त झाला होता आणि वहीवर शेरा होता, 'मोबाइलचे वेड. अभ्यासाकडे दुर्लक्ष.'

माझी तक्रार ती हीच. तेच काम, तेच डोकं, तोच मोबाइल. एकीला त्याचे मार्क आणि दुसऱ्याला शेरा. वर्गात मोबाइल वाजू नये हे मलाही मान्य आहे, मी स्वतः ते चालवून घेतलं नसतं. पण त्या मुलाला जे येतं ते दाखवायला शाळेत एकही जागा नसावी?

बरं, हे परदेशी खूळ आहे असं म्हणायची सोय निदान पुणेकरांना तरी नाही. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली. त्याआधीच्याच वर्षी त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला होता, मराठीतला पहिला बोलपट. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचं आणि साजिंद्यांनी चौकटीबाहेर दडून वाजवायचं. नट हलला की आवाज हलला. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आधी गाणं मुद्रित करून मग त्यावर चित्रण करायची रीत हिंदी-बंगालीत रूढ करायला सुरुवात केली. टेकडीवर स्पीकर लावून नात जे करत होती ते याच रीतीचं नातवंड. 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. त्यात विष्णुपंत पागनीस गाताना पाहा. चित्र सारखं बदलत नाही, भजन चालू असतं आणि आपण हलत नाही. आजच्या मुलांना सेकंदाला एक कट लागतो, त्यांना हे जरूर दाखवावं. प्रभातच्या त्याच जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. एवढं सगळं लॉ कॉलेज रोडवर, आणि दोन किलोमीटरवरच्या शाळेत व्हिडिओ म्हणजे वेड!

आता मार्कांचं. दहावीला आपल्या राज्य मंडळात भाषेला ऐंशी मार्कांची लेखी परीक्षा आणि वीस मार्क शाळेच्या हातात. आठवत असेल, 2019 च्या परीक्षेला हे वीस मार्क काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला, मोठी ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते परत दिले गेले. निकाल कशाकशाने पडला यावर वाद घालता येईल. पण हे वीस मार्क कसे दिले जातात हे आम्हा शिक्षकांना नीट माहीत आहे. अठरा, एकोणीस, अठरा, वीस. एका तासात अख्खा वर्ग उरकतो.

माझं म्हणणं एवढंच की त्यातले निम्मे मार्क तरी कवितेच्या चित्रीकरणाला द्या. चार-पाच मुलांचा गट, एक मोबाइल, एक कविता. बालकवींची 'औदुंबर' घ्या. बालकवी 1918 साली गेले, हक्कांचा प्रश्न कधीच संपला. आठ ओळींची कविता. चाल मुलांनी लावावी, कुणीतरी म्हणावी.

आणि मग बघा काय होतं ते. ती कविता म्हणजे कॅमेऱ्याचा प्रवासच आहे. आधी दोन्ही काठ आणि झरा, मग लांबचं गाव, शेतं, त्यांतून निघालेली वाट, ती वाट धरून डोहापर्यंत आणि सगळ्यात शेवटी तो औदुंबर. लांबून जवळ. हे मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून सांगितलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं. कॅमेरा हातात असला की उतरवून घेता येत नाही. शेवटच्या ओळीला काय दाखवायचं? झाड? की पाण्यात पाय सोडून बसलेला माणूस? कवितेचे अभ्यासक यावर आजवर किती बोलले आहेत! गाइड दोन्ही अर्थ देऊन मोकळं होतं. पण मुलाला एकच काहीतरी दाखवावं लागेल आणि का ते सांगावं लागेल. त्यात पुण्यात आमच्या मुठेच्या काठी डोह शोधायचा म्हणजे जलपर्णी बाजूला सारूनच... तीही दाखवा म्हणावं. बालकवींच्या झऱ्यावर आजची नदी, यावर मुलांना काही म्हणायचं असेल तर ते मला ऐकायला आवडेल.

ज्या मुलांकडे मोबाइल नाही त्यांचं काय, असं माझी एक मैत्रीण म्हणाली. रास्त आहे. म्हणूनच गट. आणि मार्क चित्राच्या चकचकीतपणाला द्यायचेच नाहीत, तसं झालं तर पुन्हा महागड्या मोबाइलवाल्यालाच जातील. संकलन येत नसलेल्या शिक्षकाने तपासायचं कसं, हा दुसरा प्रश्न. त्याला संकलन यायची गरजच नाही. गटातल्या प्रत्येकाला वेगळं बोलवावं, व्हिडिओ मध्येच थांबवावा आणि विचारावं, "इथे हे का ठेवलंस? आणि याच्या आधी काय होतं, जे काढलंस?" ज्याने केलं आहे तो पाच मिनिटं थांबायचा नाही. ज्याने नुसतं नाव घातलं आहे तो पहिल्याच वाक्याला खिडकीबाहेर बघायला लागेल.