पीयूसीचा स्क्रू आणि तापणारं इंजिन

उन्हाळा लागला की गाडी तापण्याच्या तक्रारी येतात, त्यात नवं काही नाही. पण या महिन्यातल्या पत्रांनी आम्हाला अस्वस्थ केलं. टॅपेट सेट केलं, ऑइल बदललं, फिन्समधला चिखल खरवडून काढला, प्लग योग्य हीट रेंजचा आहे. तरी घोडबंदर रोडला किंवा हिंजवडीच्या जाममध्ये गाडी तापते, सिग्नलला बंद पडते आणि गरम असताना लवकर सुरू होत नाही. जवळजवळ सगळ्या गाड्या बीएस-3 आणि बीएस-4 च्या, कार्ब्युरेटरवाल्या. आणि पत्राच्या शेवटी कुठेतरी एक ओळ असतेच : नुकतीच पीयूसी काढली आहे.

दुखणं त्या ओळीत आहे. केंद्रावर गाडी रांगेत बंद उभी असते. नंबर आला की स्टार्टर मारतात आणि इंजिन गरम व्हायच्या आत प्रोब सायलेन्सरमध्ये जातो. थंड इंजिनचा सीओ चढा येणारच. मग ऑपरेटर स्क्रूड्रायव्हर काढतो आणि आकडा उतरेपर्यंत मिक्श्चर लीन करतो. फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं, गाडी तशीच रस्त्यावर जाते. स्क्रू मूळ जागी आणणं हे कोणाचंच काम नाही. बीएस-3 गाडीच्या नशिबी हे दर सहा महिन्यांनी येतं.

जाममध्ये गाडी चालते ती पायलट सर्किटवर. तिथे फिन्सना वारा नाही, आणि नेमकं तिथलंच मिक्श्चर आपण उपाशी ठेवलं, तर हेड तापणार नाही तर काय होईल? त्यात आता पंपावर ई-20 आहे. पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. म्हणजे आधीच लीन झालेली गाडी पीयूसीच्या नावाखाली आणखी लीन होते. मग ती बंद पडू नये म्हणून आयडलिंग दोन हजारांवर चढवलं जातं आणि उभ्या गाडीत उष्णता आणखी वाढते.

परिवहन खात्याला प्रमाणपत्राची तारीख दिसते. चाचणीच्या वेळी इंजिन गरम होतं का, स्क्रूला कोणी हात लावला का, याची नोंद त्या कागदावर कुठेही नाही. ही नोंद सक्तीची करा आणि ऑपरेटरला कार्ब्युरेटरला हात लावायला मनाई करा. एवढं करायला कोणती समिती नेमावी लागते?

पण सगळा दोष ऑपरेटरवर टाकता येणार नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘पीयूसीला जायचंय’, की आपल्यातलेही कित्येक मेकॅनिक मीटर न लावता स्क्रू फिरवून देतात. हे थांबलं पाहिजे. 2000 नंतरच्या, बीएस-3 पर्यंतच्या फोर स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगला सीओची मर्यादा 3.5 टक्के आहे. एअर फिल्टर साफ आणि फ्लोट लेव्हल बरोबर असेल, तर नीट ट्यून केलेली गाडी गरम इंजिनवर त्यात बसते. अर्ध्या टक्क्याचा आकडा दाखवून कोणाला बक्षीस मिळत नाही. उलट फार लीन केलं की मिसफायर होऊन एचसी चढतो, तेव्हा दोन्ही आकडे वाचा. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, आरपीएम रेंगाळत उतरणं, पांढरा पडलेला प्लग, हे दिसलं की ऑइलचा ग्रेड बदलत बसू नका. आधी मेनिफोल्डच्या रबराची गळती पाहा, मग स्क्रू तपासा.

मित्रहो, आजपासून प्रत्येक कार्ब्युरेटर गाडीच्या जॉब कार्डावर स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते लिहा. गिऱ्हाइकाला सांगा, केंद्रावर जाण्याआधी गाडी चार-पाच किलोमीटर चालव आणि रांगेत बंद करू नकोस. पीयूसीहून आलेली गाडी पुन्हा तपासा. त्याचे पैसे लागले तर हक्काने घ्या. आणि मॉडेल, स्क्रूचे फेरे, गरम इंजिनचा सीओ आणि एचसी, एवढं पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या अंकापासून आम्ही मॉडेलवार तक्ता छापू, आणि तोच तक्ता घेऊन परिवहन आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ.