मोडीत काढलेल्या रायफली जालन्याच्या भट्टीत टाका

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य



कॉलेजात एनसीसीच्या कवायतीला आम्हाला थ्री नॉट थ्री रायफल मिळायची. लाकडावर पांढरा पट्टा, 'डीपी' (ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी) ही अक्षरे आणि नळीला आरपार भोक. बोल्टपाशी मुकुट कोरलेला, खाली कारखान्याचे नाव इशापूर आणि साल 1942. उस्ताद म्हणायचे, "भोक पाडलंय म्हणून तुमच्या हातात दिली."

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत नक्षल नेता भूपतीसह 61 नक्षलवादी शरण आले, 54 शस्त्रे जमा झाली, तेव्हा हे वाक्य आठवले. गडचिरोलीतल्या चकमकींच्या बातम्यांत वर्षानुवर्षे तीच नावे येतात: एके-47, इन्सास, एसएलआर, थ्री नॉट थ्री. यातल्या शेवटच्या तिन्ही आपल्याच सरकारी कारखान्यांत घडलेल्या. लष्कराने नवी रायफल घेतली की जुनी पोलिसांकडे येते आणि पोलिसांकडून हिसकावलेली जंगलात जाते. 2008 मध्ये ओडिशात नक्षलवाद्यांनी नयागडचे पोलीस शस्त्रागार लुटले. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या लाहेरीत त्यांच्या हल्ल्यात आपले 17 पोलीस शहीद झाले.

लढताना गेलेली रायफल मी समजू शकतो. मागच्या दाराने गेलेली नाही. 2018 मध्ये जबलपूरच्या लष्करी डेपोतून मोडीत काढलेल्या एके-47 बाहेर विकल्या गेल्याचे उघड झाले. बिहारमध्ये मुंगेरच्या एका विहिरीतून त्या अक्षरशः उपसून काढाव्या लागल्या. कागदावर मेलेली बंदूक गोळी झाडत होती.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे नवे नाही. 1948 मध्ये, मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून निजामासाठी विमानाने शस्त्रे आणत होता. पोलीस ॲक्शननंतर रझाकारांनी टाकलेल्या बंदुकांपैकी काही तेलंगणातल्या कम्युनिस्टांच्या सशस्त्र दलमांच्या (तुकड्यांच्या) हाती लागल्या. सत्ता बदलली, बंदुका तशाच फिरत राहिल्या.

म्हणून दोन मागण्या. गडचिरोलीत जमा झालेल्या आणि नक्षलवाद्यांनी जंगलात लपवलेल्या डंपमधून निघणाऱ्या प्रत्येक रायफलीचा नंबर जुळवा. ती कोणत्या ठाण्याची, कोणत्या साली गेली, हे जाहीर करा. नंबर खरवडलेला असेल तर तेही सांगा.

दुसरे, मोडीत निघालेली रायफल सुट्या भागांत कोठारात ठेवू नका. नळी, बोल्ट, बॉडी, सगळे नंबरनिहाय पंचनामा करून वितळवा. त्यासाठी लांब जायला नको. आमच्या जालन्यात औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात. तिथे आणा, पंचांसमोर टाका, चित्रीकरण करा.

याच गावात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आहे. गडचिरोलीच्या बंदोबस्तावर त्याचे जवान जातात, त्यांची बायकापोरे इथे वाट बघतात. आपल्याच कोठारातून सुटलेली एकही रायफल त्यांच्यासमोर उभी राहू नये, एवढी तजवीज करा.

आपला,
जालन्याचा एक नागरिक