गवत फक्त सर्व्हिसवाल्यांचे नाही

विम्बल्डन आले की एक आक्षेप हमखास कानी येतो. गवतावर चेंडू सरपटतो, म्हणून ज्याची सर्व्हिस जोरकस तोच जिंकतो. इतर कौशल्यांना तिथे किंमत नाही. अमेरिकन स्पर्धेने १९७५मध्ये आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धेने १९८८मध्ये गवत सोडले, मग विम्बल्डननेच हा हट्ट का धरावा, असेही विचारले जाते.

आक्षेप अगदीच निराधार नाही. १९९४च्या सॅम्प्रस-इव्हानिसेविच अंतिम सामन्यात लांबलेल्या रॅली शोधाव्याच लागतात. पण एका दशकावरून सिद्धान्त ठरत नाही. त्याच दशकात, १९९२मध्ये, त्याच इव्हानिसेविचला आगासीने बेसलाइनवरून हरवले होते. त्याआधी बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली, तोही मूळचा बेसलाइनवरचाच खेळाडू. सर्व्हिसच पुरेशी असती तर इस्नर आणि कार्लोविच यांनी करंडक उचलला असता. प्रत्यक्षात दोघेही एकेरीची अंतिम फेरी कधीच गाठू शकले नाहीत. रॉडिक तीनदा अंतिम सामना खेळला आणि तिन्ही वेळा फेडररकडून हरला. २०१९च्या अंतिम सामन्यात फेडररच्या २५ बिनतोड सर्व्हिस, जोकोविचच्या १०, जिंकला जोकोविच.

मग गवत नेमके काय तपासते? चेंडू कमी उसळतो, म्हणून गुडघे वाकवून खाली जावे लागते. पाय घसरू नयेत म्हणून पावले छोटी टाकावी लागतात. निर्णयाला वेळ कमी मिळतो. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचे गवत झिजते आणि तेच कोर्ट वेगळे वागू लागते. २००१मध्ये कोर्टांवर टिकाऊ राय गवत आले, तेव्हापासून रॅलींनाही अधिक वाव मिळाला. म्हणूनच २००८ आणि २०१०मध्ये नदालने, तर २०२४मध्ये अल्कराझने पॅरिसच्या लाल मातीपाठोपाठ काही आठवड्यांतच हे गवतही जिंकले. अष्टपैलुत्वाचा याहून कठोर पुरावा टेनिसमध्ये दुसरा नाही.

दोष गवताचा नाही, त्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या वेळेचा आहे. पुरुषांच्या नऊ मास्टर्स १००० स्पर्धांपैकी एकही गवतावर होत नाही. गवत हद्दपार करण्याची भाषा सोडून संयोजकांनी तिथे या दर्जाची एक तरी स्पर्धा भरवावी.