दुबळ्या हृदयाचा सोबती



मनुष्याचे हृदय मुठीएवढे. तरी दिवसाकाठी सुमारे १,००,००० वेळा आकुंचन पावून ते मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त शरीरभर धाडते. ते थकले, म्हणजे चार पावले चालतानाही धाप लागते, पाय सुजतात, रात्री आडवे पडवत नाही. अशा माणसाचे हाल ज्या घराने पाहिले असतील, त्या घरास ह्याहून अधिक सांगणे नको.

डेव्हिड सॉसिए हे अमेरिकेतील 'नासा' ह्या अंतराळसंस्थेत अभियंते होते. १९८४ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी ह्यांनी त्यांच्या छातीत दुसऱ्या मनुष्याचे हृदय बसविले. परंतु असे हृदय लाभण्याची वाट पाहता पाहता कित्येक रुग्ण दगावतात. त्यांस तोवर जगविणारा लहानसा पंप तयार करण्याच्या खटपटीस सॉसिए डॉक्टरांच्या जोडीने लागले. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने पाठीमागच्यांसाठी दार उघडे ठेवावे, तसेच हे झाले.

पंप बसविण्यात एवढे कठीण ते काय, असे कोणी म्हणेल. विहिरीवर तो नाही का आपण चालवीत! परंतु पाणी मुकाट्याने चिरडून घेते; रक्त घेत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यांत सापडून तांबड्या पेशी फुटतात, आणि जेथे प्रवाह मंदावतो तेथे रक्ताची गुठळी धरते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. चिंचोळ्या नळीत रक्त कोठे घोटाळते हे डोळ्यांनी पाहणे तर दुरापास्तच.

म्हणून १९९३ साली नासाच्याच कॅलिफोर्नियातील एम्स केंद्रास साकडे घालण्यात आले. तेथे दोचान क्वाक व चेतिन किरिस हे अंतराळयानाच्या इंजिनातील इंधनाचा प्रवाह महासंगणकावर गणिताने मांडीत असत. तेच गणित त्यांनी ह्या बोटभर यंत्रास लाविले. पंपातील पोकळीचे रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे असंख्य बारीक भाग पाडावयाचे, आणि प्रत्येक भागात रक्ताचा वेग किती, दाब किती, हे क्षणाक्षणाला मोजीत जावयाचे. दोष कोठे आहे हे त्यावरून उमगले. मुख्य पात्यांच्या अलीकडे, रक्तास हळूच आत ओढणारे पिळदार पाते त्यांनी जोडले. पेशींची नासाडी सुमारे दहापटींनी घटली.

तथापि संगणक म्हणजे काही भविष्यवेत्ता नव्हे. गणितात रक्त हे साधा द्रव म्हणून धरले जाते. ते केव्हा गोठेल, हे रक्तच ठरविते. त्यामुळे जनावरांवरील प्रयोग चुकले नाहीत. अखेर नोव्हेंबर १९९८ मध्ये युरोपात हा पंप प्रथम मनुष्याच्या हृदयास जोडण्यात आला. सॉसिए १९९६ सालीच निवर्तले होते.

त्यापुढे अशा यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या. काहींतील चक्र तर लोहचुंबकाच्या बळावर अधांतरी फिरते. मात्र पोटातून बाहेर येणारी विजेची तार अजून सुटलेली नाही. तिच्याभोवतीची जखम स्वच्छ राखावी लागते, बॅटऱ्या भारून ठेवाव्या लागतात. हे काम बहुधा घरच्या बाईच्याच माथी येते. तिने रुग्णाच्या मनगटावर बोट ठेविले, तर नाडी बहुतेक लागतच नाही. पहिल्या दिवशी तिचा जीव उडावा, असाच तो प्रकार. डॉक्टर मात्र छातीस नळी लावितात आणि आतील अखंड गुणगुण ऐकून माणूस ठीक आहे असे सांगतात.