डंख पायाला, घाव काळजाला

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि सहावीचा एक मुलगा आठ दिवस वर्गात आलाच नाही. आला तेव्हा चेहरा उतरलेला, चार पावले चालला तरी दम लागायचा. विचारले तर म्हणाला, "सर, इचू चावला होता."

धान कापणीचे दिवस होते. सांदवाडीतली तणस ओढताना त्याच्या पायाला डंख बसला. दुखले, पण फार नाही. पोरगा रडत नाही म्हणून घरचेही निर्धास्त झाले. चुना लावला, विंचू उतरवणाऱ्याकडे नेले, मग कुणीतरी दम केलेले पाणी आणून दिले. दोन तास असे गेले. तोवर त्याला उलट्या सुरू झाल्या, सदरा घामाने भिजला, हातपाय गार पडले. पुढे खोकला लागला आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला. तेव्हा कुठे १०८ ला फोन झाला आणि मुलगा मोहाडीहून भंडाऱ्याला पोहोचला. अल्लाहच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या मेहनतीने वाचला.

मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या दादीने एकच प्रश्न विचारला, "सर, बिच्छू तो पाँव को काटा, फिर डॉक्टर दिल की बात क्यों करते?"

हा प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा. हृदयाचा झटका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीचा, पोट सुटलेला, बिडी-सिगारेट ओढणारा माणूस येतो. अकरा वर्षांच्या पोराचे हृदय काही तासांत थकू शकते आणि त्याचे कारण तणशीतला बोटभर जीव असू शकतो, हे आपल्या हिशेबातच नसते.

लाल विंचवाचे विष शरीरातल्या मज्जातंतूंना चेतवते आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात सुटतात. घाबरल्यावर छाती धडधडते ती याच द्रव्यांमुळे, पण इथे त्यांचा पूरच येतो. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हृदयाला या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. ढकलता ढकलता त्याचा स्नायू थकतो, मागे तुंबलेल्या रक्तातले पाणी फुप्फुसात झिरपते. गुलाबी फेस येतो तो त्यामुळे. माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, एमबीबीएस शिकले आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजात. १९७६ साली त्यांची नेमणूक रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. हृदयावर परिणाम झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जात. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हृदयाचा आलेख असे सगळे टिपत राहिले. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदय बिघडण्याच्या पूर्वखुणा मांडल्या. १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी उपाय मांडला तो प्राझोसिन या गोळीचा. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते आणि हृदयावरचा भार उतरतो. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

औषध सापडले म्हणून प्रश्न संपला, असे मात्र नाही. पहिली अडचण ओळखण्याची. ज्याला ठणका भयंकर पण बाकी काही नाही, तो बहुधा धोक्याबाहेर असतो. ज्याला दुखते कमी, पण घाम फुटतो, उलट्या होतात, लाळ गळते, हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर संकट असते. मुलग्यांच्या लघवीच्या अवयवाला ताठरता येते. लाजेपायी हे कुणी सांगत नाही, पण डॉक्टरांसाठी ही महत्त्वाची खूण आहे. आपण रडण्यावरून दंशाची तीव्रता मोजतो आणि तिथेच फसतो.

दुसरी अडचण उपचाराची. उलट्या आणि घामाने शरीर कोरडे पडते म्हणून पाणी द्यावे लागते, पण सलाईन जास्त झाले तर फुप्फुसे भरतात. पूर्वी सर्रास दिले जाणारे स्टेरॉइड इथे उपयोगाचे नाही, अ‍ॅट्रोपिन तर अपाय करू शकते. प्राझोसिनचीही साधी गोळी लागते, हळूहळू विरघळणारी चालत नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावे लागते. म्हणजे ही गोळी घरी आणून देण्याची नाही, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची. विंचवावरची प्रतिविष लसही आहे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्करांनी ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनसोबत लस दिलेले रुग्ण लवकर सावरले. पण दोन्ही उपचारांची एकच अट, वेळ. हृदय थकण्याआधी पोहोचले पाहिजे.

आणि हा वेळ आपण घरीच घालवतो. कुणाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. विंचू उतरवणारे हिंदूंकडे आहेत, आपल्याकडेही आहेत, आणि एकमेकांकडे जाण्यात कुणाला धर्म आडवा येत नाही. बहुतेक दंश मुळात सौम्य असतात, माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. अशी दहा माणसे बरी झालेली पाहिल्यावर अकराव्यालाही तिकडेच नेले जाते. तो अकरावा आमच्या वर्गातला होता.

माझ्या मुस्लिम बांधवांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजच्या वेळी विंचू चावल्याची रिवायत आपण ऐकलेली आहे. त्यांनी पाणी आणि मीठ मागवून दंशाच्या जागी लावले आणि सोबत कुरआनातील सूरे पढले. त्या काळात हाताशी असलेला इलाज त्यांनी दुआसाठी थांबवला नाही, दोन्ही एकत्र केले. आज हाताशी असलेला इलाज दवाखान्यात आहे. मग आपण दुआ घरी बसून का करायची? गाडीत बसा, मुलाला मांडीवर घ्या आणि वाटभर पढत राहा. मी उर्दू शिकवतो तेव्हा मुलांना 'दुआ' आणि 'दवा' यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवतो. लिहिताना एका अक्षराचा फरक, जगण्यात तर त्यांना वेगळे करूच नये.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती आहे. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिनची साधी गोळी आणि विंचवाची लस आज शिल्लक आहे का, हे कापणीच्या आधी जाऊन विचारा. ग्रामसभेत रस्ता आणि नालीसोबत हा प्रश्नही मांडा. आम्ही शिक्षक मुलांना सांगू शकतो की तणस, गोवऱ्या, कवेलू हाताने उचलण्याआधी काठीने हलवा, जोडा घालण्याआधी झटका, रात्री बॅटरीशिवाय निघू नका.

तो मुलगा आता बरा आहे. परवा खेळाच्या तासाला धावला, मी नको म्हणत असतानाही. त्याच्या दादीला मी माझ्यापरीने उत्तर दिले. ती ऐकून घेत म्हणाली, "मतलब, पसीना देखना चाहिए था." एवढे प्रत्येक घरातल्या दादीला, आजीला कळले तरी पुष्कळ आहे.